आजीच्या ट्रंकेतले दिवाळी अंक आणि मुखपृष्ठावरची ती बाई

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजीच्या ट्रंकेत १९४०च्या सुमारापासून १९७०पर्यंतचे पंचवीस-तीस दिवाळी अंक सापडले. त्यांच्या मुखपृष्ठांत त्यांचा काळ कसा दिसतो यावर तुम्हाला लेख लिहायचाय. पण अंक जमिनीवर ओळीने मांडले तर जवळजवळ प्रत्येकावर एक देखणी बाई, हातात निरांजन नाहीतर पणती. त्यात एक अंक १९४६चा, त्यावरही तीच. ‘मग काळ आहे कुठे? का मलाच बघता येत नाही?’ असं तुम्ही विचारता. अंकांचे फोटोही तुम्ही पाठवलेत. शिवाय दोनतीन अंकांची पहिली पानं गेलीत, त्यांचं साल कसं ठरवायचं, हाही प्रश्न आहेच.

बघता तुम्हाला नीट येतंय, फक्त तुम्ही बाईच्या चेहऱ्याकडे बघताय. काळ बहुतेक वेळा तिच्या ब्लाउजच्या बाहीत, छपाईच्या ठिपक्यांत आणि अंकाच्या पाठीवरच्या जाहिरातीत असतो. मी १९७२ साली गिरगावात ब्लॉक, म्हणजे चित्र छापायचे धातूचे ठसे, तयार करण्याच्या एका कारखान्यात लागलो. पुढे स्वतः मुखपृष्ठं केली, आणि आता एका वाचनालयासाठी जुन्या मासिकांची सूची करतो. त्यामुळे माझं सांगणं थोडं कारागिराचं आहे. कलासमीक्षक कदाचित वेगळं सांगेल.

आधी एक खबरदारी. तुमच्यासमोर आहेत ते त्या काळाचे अंक नाहीत, आजीच्या घरात आलेले आणि त्यातून टिकलेले अंक आहेत. ते कोणी विकत घेतले? आजीने की आजोबांनी? की वाचनालयातून आणून परत द्यायचे राहून गेले? शिक्का आहे का बघा. ज्या घरात ‘दीपावली’ आणि ‘रत्नप्रभा’ यायचे त्या घरात ‘सत्यकथा’सारखं गंभीर साहित्याचं मासिक येत असेलच असं नाही, आणि ‘सत्यकथा’वर तुम्हाला पणतीवाली सापडणं अवघड. १९५०च्या दशकात ‘शब्द’सारखी लघुनियतकालिकं सायक्लोस्टाइलवर, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढायच्या साध्या यंत्रावर, निघत होती. रंगीत मुखपृष्ठ त्यांना परवडणारं नव्हतं आणि बहुधा नकोही होतं. तीही त्याच काळाची, पण तुमच्या ट्रंकेत ती नसणार. म्हणून लेखात ‘तेव्हाचा महाराष्ट्र’ असं लिहिण्याऐवजी ‘असे अंक घेणारं घर’ असं लिहा. त्याने लेख लहान होणार नाही, उलट त्याला धार येईल.

आता १९४६च्या अंकाचं बघू. फेब्रुवारीत मुंबईत नाविकांचं बंड झालं, ऑगस्टमध्ये कलकत्त्यात कत्तल, सप्टेंबरात मुंबईतही दंगली पेटल्या. आणि दिवाळीला मुखपृष्ठावर शांतपणे दिवा लावणारी बाई. पहिलं कारण अगदी रुक्ष आहे. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ दिवाळीत होत नाही. चित्र ज्येष्ठ-आषाढात चित्रकाराकडून यायचं, श्रावणात ब्लॉक व्हायचे, आणि अंकातल्या कथा अजून लेखकांच्या डोक्यात असतानाच मुखपृष्ठ छापून गठ्ठ्यात बांधून तयार असायचं. घाई करून चालतच नसे. तीन किंवा चार रंग म्हणजे तेच पान मशीनवर तीन-चार वेळा चढवायचं, मध्ये शाई वाळायला वेळ द्यायचा. त्यात पावसाळा. दमट हवेत कागद फुगतो, ऊन पडलं की आकसतो. सोमवारी छापलेल्या पिवळ्यावर गुरुवारी लाल बरोबर बसेल याची खात्री नसायची. तुमच्या अंकांत एखाद्या बाईच्या ओठांचा रंग ओठांबाहेर सरकलेला दिसेल, पदराच्या कडेला हिरवट रेघ दिसेल. ते चित्रकाराचं चुकलेलं नाही, तो त्या वर्षीचा पाऊस आहे. तेव्हा सप्टेंबरातली दंगल ऑक्टोबरातल्या मुखपृष्ठावर शोधू नका, ती तिथे पोचूच शकत नव्हती. फेब्रुवारीचं बंड मात्र पोचू शकत होतं. ते का नाही आलं, हा खरा प्रश्न.

त्याचं उत्तर हा अंक घरात कसा यायचा यात आहे. मराठीतला पहिला दिवाळी अंक काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली काढला. तेव्हापासून अंक म्हणजे सणाच्या खरेदीतली एक वस्तू. उटणं, सुगंधी तेल, नवं लुगडं, तसा अंक. तो लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बैठकीत पडलेला असायचा, पाहुण्यांनी चाळायचा, सासूने बघितला तरी चालायचा. त्याआधी रविवर्म्याच्या छापखान्याने (तो १८९४ साली मुंबईत सुरू झाला) घराघरांत लक्ष्मी-सरस्वतीची छापील चित्रं पोचवली होती. घरात येणारं रंगीत चित्र म्हणजे काहीतरी मंगल, ही सवय तिथली. मुखपृष्ठावरची पणतीवाली त्या लक्ष्मीची धाकटी बहीण. हात दोनच, कमळ गेलं, अंगावर नव्या पद्धतीचा ब्लाउज आला, पण काम तेच.

माझ्या हातातून एक अंक गेला, कोकणातल्या एका घरातून वाचनालयाकडे आलेला. मुखपृष्ठावर नऊवारीतली तरुणी, मागे काळोख, हातातल्या दिव्याचा उजेड हनुवटीवर. आणि तिच्या कपाळावर छापलेल्या कुंकवावर खऱ्या कुंकवाचं बोट. वाळून तपकिरी झालेलं, थोडी हळदही. वर दोन्ही कोपऱ्यांत चुकांची भोकं, त्यांच्याभोवती गंज. कुणीतरी तिला भिंतीवर लावून पूजा केली होती. चित्रकाराने मॉडेल बसवून काढलेली बाई असेल ती, पण त्या घराने तिला लक्ष्मी ठरवलं. तुमच्या अंकांवर असं काही आहे का बघा: भोकं, काजळी, पोरांनी काढलेल्या मिशा, हिशेब. मुखपृष्ठ कसं वाचलं गेलं याचा यापेक्षा पक्का पुरावा मला तरी माहीत नाही. आणि हो, फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका. पिवळा पडून कागद खातो.

म्हणजे १९४६ची बाई काळाकडे पाठ करून उभी आहे, कारण तिला घरात त्यासाठीच आणलंय. १९४३पासून मुंबईत धान्य रेशनवर होतं, कापडावर नियंत्रण होतं, आणि त्या वर्षांतल्या मुखपृष्ठांवर मात्र जरीचा काठ दोन बोटांचा चार बोटांचा होत गेलेला मला दिसतो. जे दुकानात मिळत नव्हतं ते मुखपृष्ठावर मिळत होतं, असा माझा अंदाज. पण इथे जपून. ‘चित्रात नाही, म्हणजे मुद्दाम लपवलं’ या युक्तिवादाने काहीही सिद्ध करता येतं. अंक उघडा आणि आतल्या कथा, अग्रलेख, जाहिराती बघा. आत टंचाई, काळाबाजार, चळवळ यांवर लिहिलेलं असेल आणि बाहेर जरीकाठ असेल, तरच तुम्हाला म्हणता येईल की संपादकाला काळ दिसत होता, फक्त तो दारातून आत आणायचा नव्हता.

सगळीच मासिकं अशी नव्हती. दरमहा निघणारी मासिकं सणाच्या ओझ्याखाली नसत. किर्लोस्करवाडीहून १९२०पासून निघणारं ‘किर्लोस्कर’ आणि १९३०पासूनचं ‘स्त्री’ बघा. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकला शिकलेले, व्यंगचित्रं काढणारे. कारखान्याच्या गावातून निघणाऱ्या मासिकाला शिकणारी, कामाला लागणारी बाई दाखवायची होती, तिच्या हातात पणती कशाला द्यायची? तुमच्या ट्रंकेत एखादा ‘स्त्री’ असेल तर त्याच सालाच्या दिवाळी अंकाशेजारी ठेवा. एकाच वर्षातल्या दोन बाया एकमेकींशी बोलणार नाहीत इतक्या वेगळ्या निघतील.

आता चित्रकारांबद्दल, कारण तुमच्या फोटोत कोपऱ्यातल्या सह्या दिसल्या. तुमचे निम्मे अंक दोघांनी वाटून घेतलेत: दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर. दोघेही मूळचे गोव्याचे, दोघे मुंबईत नावारूपाला आलेले, वयात दोन-अडीच वर्षांचं अंतर. दलालांनी १९४५ साली स्वतःचा ‘दीपावली’ काढला, मुळगावकरांनी ‘रत्नप्रभा’. चित्रकारच मालक झाला, हे त्या काळाचंच लक्षण. लोक अंक मुखपृष्ठासाठी घेत होते, तर मुखपृष्ठ काढणाऱ्याने अंकच का काढू नये?

दोघांच्या बाया पुन्हा पुन्हा बघा. मुळगावकरांची बाई मऊ. गालावरून गळ्यापर्यंत एक रेघ सापडत नाही, सगळं फवाऱ्याने उतरत जातं, आणि मोती तेवढे टपोरे. ही त्यांची स्प्रेची पद्धत, आणि ती ब्लॉकच्या छपाईला फार सोयीची पडली असं मी कारखान्यातल्या अनुभवावरून सांगतो. ब्लॉकमध्ये चित्राचे ठिपके होतात. हळूहळू गडद होत जाणारी छटा ठिपक्यांत गोड उतरते, ब्रशचा खरखरीत फटकारा मात्र त्यात चिखल होतो. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठंही मुळगावकरांचीच, तिथे हाच मऊपणा पिस्तुलाच्या नळीवर चमकतो. दलाल वेगळे. ते रेषेचे. एका वर्षी लघुचित्रांसारखी सपाट रंगांची नायिका, दुसऱ्या वर्षी अजिंठ्याकडे झुकलेली, तिसऱ्या वर्षी चेहरा तिरपा कापून दोन रंगांत मोकळा. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. त्या चित्रकारांची प्रदर्शनं रत्नागिरी-जळगावच्या वाचकाने बघितली नसतील, पण आधुनिक चित्रात चेहरा मोडता येतो ही बातमी त्याला मुखपृष्ठांतून हळूहळू, सणाच्या गोडव्यात बुडवून मिळत गेली. माझा कल दलालांकडे आहे हे मी लपवत नाही. मुळगावकरांच्या चाहत्यांशी यावरून माझी बरीच भांडणं झालीत.

एक गोष्ट स्वतः केलेली सांगतो, म्हणजे चित्रावर किती विश्वास ठेवायचा ते कळेल. कारखान्यात मी लागलो त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका दिवाळी अंकाचं चित्र ब्लॉकला आलं. अंकाचं आणि चित्रकाराचं नाव राहू दे. बाई सावळी होती. चित्रकाराने सावळेपण फार प्रेमाने रंगवलं होतं, गालाच्या हाडावर निळसर झाक, नाकाच्या शेंड्यावर तांबूस. पहिलं प्रूफ निघालं. अंकाचे मालक आले, प्रूफ उजेडात धरलं आणि म्हणाले, ‘जरा उजळ करा की. दिवाळी आहे.’ मग ते काम माझ्याकडे. निळ्या आणि लाल रंगाच्या तांब्याच्या प्लेटवर चेहरा सोडून बाकी सगळं व्हार्निशने झाकायचं, आणि चेहऱ्यावर फेरिक क्लोराइडचं बारीक ब्रशने पाणी फिरवायचं. तांबं किंचित खाल्लं जातं, ठिपके लहान होतात, लहान ठिपक्यावर शाई कमी बसते. दर मिनिटाला धुवायचं, भिंगातून बघायचं, पुन्हा फिरवायचं. दोन तासांत बाई गोरी झाली. निळी झाक गेली तसं गालाचं हाडही गेलं, चेहरा थाळीसारखा सपाट. छापलेला अंक चित्रकाराने आमच्याच टेबलावर बघितला. मुळातलं चित्र गुंडाळलं, काखेत मारलं आणि चहा न घेता गेला.

तेव्हापासून जुन्या मुखपृष्ठांवरची गोरी बाई बघितली की मी भिंग घेतो. चेहऱ्यावरचे ठिपके बाकीच्या चित्रापेक्षा अचानक बारीक वाटले, गळ्याचा आणि गालाचा रंग जुळला नाही, तर तिथे माझ्यासारख्या कुणाचा तरी हात फिरलाय. तुमच्या लेखात त्वचेच्या रंगाबद्दल लिहिणार असाल (आणि लिहायला हवंच) तर दोष एकट्या चित्रकाराच्या माथी मारू नका. मालक, ब्लॉकवाला आणि गिऱ्हाईक, तिघांनी मिळून तिला गोरं केलं.

हाच धागा पुढे नेऊन बघा, मुखपृष्ठावर कोण नाही. भांडी घासणारी, गिरणीत जाणारी, शेतात वाकलेली बाई तुम्हाला क्वचित दिसेल. दिसलीच तर ती कोळीण असेल किंवा डोक्यावर घट घेतलेली कुणी परप्रांतीय, आणि तीही नटून, टोपलीतल्या मासळीला वास नसलेली. पुरुष जवळजवळ नाहीच, असलाच तर कृष्ण. कष्ट करणारी बाई आली ती लोककलेच्या वेषात आली. यावर तुमचा अर्धा लेख उभा राहील.

विनोदी अंकांचं मात्र सगळं उलटं. ‘आवाज’ने खिडकीचित्रं लोकप्रिय केली. वरच्या पानाला कापलेल्या खिडकीतून काहीतरी चावट दिसायचं, पान उलटलं की निरागस निघायचं. व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांनी ‘ललित’ या पुस्तकांविषयीच्या मासिकाच्या दिवाळी अंकांवर वर्षानुवर्षं लेखक, प्रकाशक आणि वाचक यांचीच थट्टा मांडली. काळाची चटपटीत नोंद हवी असेल तर ती इथे आहे: फ्लॅट, रांगा, साहित्यिकांचे रुसवे. पणतीवाली जे घरात येऊ देत नव्हती ते व्यंगचित्रकाराने मागच्या दाराने आणलं.

आणि मग ही बाई गेली कुठे? लोक म्हणतात १९७१ला दलाल गेले, १९७६ला मुळगावकर गेले, परंपरा संपली. मला हे अर्धंच पटतं. ऑफसेट ही छपाईची नवी पद्धत आली. रंगीत पारदर्शिकेवरून (फोटोच्या पारदर्शक फिल्मवरून) थेट प्लेट होऊ लागली, फोटो चित्रापेक्षा स्वस्त आणि झटपट पडू लागला. मग रंगवलेल्या बाईच्या जागी नटीचा किंवा मॉडेलचा फोटो आला, हातात तीच पणती. आमचा ब्लॉकचा कारखानाही त्यातच बसला.

आता सालाचं. बाईच्या कपड्यांवरून साल ठरवू नका, निदान एकट्या कपड्यांवरून नको. फुग्यांच्या बाह्या १९३०-४०च्या दशकांतल्या फॅशनच्या खऱ्या, पण चित्रकार जुनी फॅशन ‘पारंपरिक’ म्हणून वीस वर्षांनीही काढतो. किंमत बघा. ‘१-८-०’ असं छापलं असेल तर तो दीड रुपया रुपये-आणे-पैमधला, म्हणजे अंक १९५७च्या आधीचा असणार. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली. कुठेही ‘नये पैसे’ दिसले तर १९५७ ते १९६४. नुसते ‘पैसे’ असले तर बहुधा त्यानंतरचा. जाहिरातीतले पत्ते बघा. ‘मुंबई ४’ असेल तर जुना, ‘मुंबई ४०० ००४’ असेल तर १९७२नंतरचा, कारण पिनकोड त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला सुरू झाला. शुद्धलेखन बघा. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरें’ यांवरची न उच्चारली जाणारी टिंबं १९६२च्या नियमांनी गेली. काही संपादकांनी ती हट्टाने पुढेही ठेवली, म्हणून हा पुरावा जोडीचा, एकट्याचा नव्हे. ‘अि’, ‘अु’, ‘अे’ असं लिहिलेलं सापडलं तर तो सावरकरी लिपीसुधारणेचा प्रभाव, किर्लोस्करवाडीच्या मासिकांत तो दिसतो. आणि पहिली पानं गेली असली तरी शेवटच्या पानाच्या तळाशी ‘हा अंक अमुक यांनी तमुक छापखान्यात छापून’ अशी बारीक ओळ शोधा. मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापणं १८६७च्या कायद्यापासून बंधनकारक होतं. छापखान्याचं नाव कळलं की निम्मं काम झालं.

तुमच्या तिसऱ्या फोटोतला तो बिनसालाचा अंक, निळ्या पार्श्वभूमीवरची तिरप्या चेहऱ्याची बाई, मला १९५०च्या दशकातला वाटतो. पण फोटोत पाठ दिसत नाही. पाठीवर जाहिरात असेल, तिच्यात वस्तूची किंमत असेल. ती आण्यांत आहे की नये पैशांत, तेवढं बघून कळवा.